सामायिक सावली : नियोजन प्रगतिपथावर

४ जानेवारी, सोमवार

आज स्टाफ मीटिंगमध्ये माझा अपमान झाला. माझा नाही, भूगोलाचा झाला, असं मोठ्या बाई म्हणतील. पण आमच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल म्हणजे मीच.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून आठवीला भूगोलाचे चाराऐवजी तीन तास. सुटलेला तास संगणकाला. कारण काय, तर मुलांना भूगोलात रस दिसत नाही. संगणकाचे सर गरीब चेहरा करून बसले होते. त्यांना स्टाफरूममध्ये केबल म्हणतात, कारण गळ्यात कायम कुठली ना कुठली वायर लोंबत असते. शाळेत येऊन तीन वर्षं झाली नाहीत. कानामागून आला आणि तिखट झाला.

मी उभा राहिलो. म्हटलं, बावीस वर्षांत माझ्या तासाबद्दल एकाही मुलाने तक्रार केलेली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, झोपेत कशी करणार? आवाज ओळखून ठेवला आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, १२ मार्चला शाळाशाळांचं ऑनलाइन सादरीकरण आहे. दुसऱ्या शाळेतला एखादा शिक्षक जोडीला घ्या, दोन्हीकडच्या मुलांना मिळून एक प्रकल्प करू द्या. आठवी ब ने त्यात काही करून दाखवलं तर तास राहील. मी म्हटलं, राहील नाही, राहिलाच समजा. घोडामैदान जवळच आहे.

५ जानेवारी, पहाटे पाच

उठलो. संकल्प : रोज पहाटे एक तास प्रकल्प. केबलकडे मदत मागायची नाही. मागितली तर तास त्याच्या घशात गेलाच.

५ जानेवारी, सकाळी सात

मघाशी जरा डोळा लागला. विचार डोळे मिटूनच चांगला होतो.

७ जानेवारी, गुरुवार

जोडीदार मिळाल्या. शिक्षकांनी जोडीदार शोधण्याची एक वेबसाइट आहे, तिथे मी स्वतःची माहिती टाकली होती (अनुभव, अनुभव, आणि अनुभव). उत्तर आलं एका बाईंचं. त्यांची शाळा इथून एका रात्रीच्या गाडीवर, दक्षिणेला. त्याही आठवीलाच शिकवतात. त्यांना इथे पलीकडच्या बाई म्हणू.

त्यांची कल्पना अशी : दोन्ही शाळांनी एक मीटरची काठी मैदानात उभी करायची, एकाच दिवशी, भर दुपारी. सावली मोजायची. दोन सावल्या वेगवेगळ्या भरतील. त्यावरून पृथ्वी गोल आहे हे मुलांना दिसेल, आणि दोन शाळांमधलं अंतरसुद्धा काढता येईल. पुढे लिहिलं होतं की सोमवारपासून सुरू करू, काठी आणि खडू एवढंच लागतं.

कल्पना बरी आहे. पण फारच साधी. आणि सोमवारपासून! नवख्यांना घाई असते. मी कळवलं की आधी नियोजन करू. त्या म्हणाल्या, बरं सर.

आईने विचारलं, हा कोणत्या बाईला पत्रं लिहितो? सांगितलं, प्रकल्प आहे. आई म्हणाली, तुझ्या वडिलांचेही असायचे. ही स्वयंपाकघरातून हसली. दोघींनाही शिक्षणातलं काही कळत नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

सामायिक फाइल तयार केली. दोन्ही शाळांमधून एकाच वेळी उघडते, दोघांनाही लिहिता येतं. शीर्षक : ‘सामायिक सावली : नियोजन आराखडा’.

केबल मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, सर, ज्याच्याकडे लिंक असेल त्या कोणालाही यात लिहिता येईल असं ठेवलंय तुम्ही, बदलून देऊ का? मी म्हटलं, सामायिक याचा अर्थच तो. गेला वायर सावरत.

पाचव्या तासाला आठवी ब ला फाइल पडद्यावर दाखवली. पोरांनी लिंक उतरवून घेतली. माझी भाषा, मांडणी, समास बघून घेऊ देत, संस्कार होतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिला सगळे पण-का म्हणतात. काहीही सांगा, तिचं आपलं ‘पण का?’ आजचं : सर, पण काठी एक मीटरचीच का? म्हटलं, प्रश्न शेवटी. तर म्हणे, शेवट कधी आहे?

फाइलमध्ये नवीन प्रकरण घातलं : ‘प्रश्न विचारण्याची कार्यपद्धती’.

१२ जानेवारी, मंगळवार

आराखडा अकरा पानं झाला. उद्दिष्टं, उपउद्दिष्टं, शिस्त, बोधचिन्ह. बोधचिन्हात पृथ्वी आहे, तिच्यावर काठी आहे आणि काठीशेजारी मी आहे. मला काढायचं म्हणत होतो, पण मग रचना डावीकडे कलंडते.

हिला वाचून दाखवलं. ही एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दिवसभर लोकांना वेळा देते. सहाव्या पानावर म्हणाली, नमनाला घडाभर तेल. मोजणार कधी? म्हटलं, तुमच्या दवाखान्यासारखं नाही हे, फोन आला की लिहिली वेळ. ही म्हणाली, आमच्याकडे निदान पेशंट तपासून घरी तरी जातो.

विषय सोडून दिला.

१४ जानेवारी, गुरुवार

वेळेचा प्रश्न. दोन्ही शाळांना एकाच वेळी मोकळा तास पाहिजे. पलीकडच्या बाईंनी कळवलं की दोन्हीकडे मधली सुट्टी बाराला सुरू होते, उन्हाच्या दृष्टीनेही तीच वेळ उत्तम, मुलंही मोकळी असतात.

स्पष्ट नकार दिला. मधली सुट्टी ही शिक्षकाची असते. स्टाफरूममध्ये पंख्याखाली कोपऱ्यातली खुर्ची माझी आहे. डबा खाल्ल्यावर तिथे मी वीस मिनिटं डोळे मिटून चिंतन करतो. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. उद्या म्हणतील, रविवारी या. एकदा सैल सोडलं की लोक डोक्यावर बसतात.

बाईंना लिहिलं : ‘वेळ मी शोधतो.’

२१ जानेवारी, गुरुवार

वेळ शोधतोय. आमचा तिसरा तास त्यांची प्रार्थना. त्यांचा चौथा तास आमची कवायत. आमच्या पाचव्याला त्यांचं इंटरनेट जातं. रंगीत तक्ता केला आहे, त्यात आतापर्यंत सात रंग झाले. ही म्हणाली, आमच्या डॉक्टरांची वेळ घेण्यापेक्षा अवघड दिसतंय. म्हटलं, अवघड कामं माझ्याकडेच येतात.

२७ जानेवारी, बुधवार

सापडली! मंगळवार, पहिला तास. सात चाळीस. दोन्हीकडे मोकळा. एवढं शोधून काढायला माणूस लागतो.

बाईंनी लिहिलं की सर, सकाळी सावली फार लांब पडेल, आपल्याला दुपारची, सगळ्यांत आखूड सावली हवी आहे ना? मी उत्तर दिलं : ‘आधी शिस्त, मग सूर्य.’ हे वाक्य आराखड्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत घातलं. त्या म्हणाल्या, बरं सर.

पूर्ण पटलं त्यांना. समंजस बाई आहेत. मोजणीचा दिवस ठरवला : २ मार्च. तोपर्यंत तयारी.

२९ जानेवारी, शुक्रवार

समित्या नेमल्या. काठी समिती, खडू समिती, निरीक्षण समिती, सूचनाफलक समिती. प्रत्येक मुलाला जबाबदारी. पण-का कुठल्याच समितीत बसेना, म्हणून तिची एकटीची शंका समिती केली. अट अशी की शंका लेखी द्यायच्या आणि शुक्रवारीच.

तिने आजच दिल्या. फुलस्केप, पाठपोट. सवडीने वाचेन.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोन वर्गांची पहिली व्हिडिओ भेट. मी नियम केला होता : सर्वांनी माइक बंद ठेवायचे. शिस्त अशी की विचारू नका. मी आराखड्याची प्रस्तावना वाचली. पलीकडची मुलं टक लावून ऐकत होती. पलीकडच्या बाई मध्ये मध्ये दोन्ही हात हलवत होत्या, कानाकडे बोट दाखवत होत्या. उत्साही आहेत. मीही हात हलवला. मग आमच्या मुलांनी हलवला, मग त्यांच्या मुलांनी. घंटा होईपर्यंत सगळे एकमेकांना हात हलवत होते. याला म्हणतात भावबंध.

तास संपल्यावर केबलने येऊन सांगितलं की माझाही माइक बंद होता. म्हटलं, नियम सर्वांना सारखा.

८ फेब्रुवारी, सोमवार

तक्रार. माझी एक मीटरची लाकडी पट्टी मधल्या सुट्टीत कपाटातून गायब होते आणि सुट्टी संपली की जागेवर येते. आज तिच्यावर खडूची धूळ होती. केबलचं काम. नाहीतर भूगोलाच्या पट्टीवर कोणाचा डोळा असणार?

आणखी एक. आठवी ब मधल्या सुट्टीनंतर घामाघूम वर्गात येते. गुडघे पांढरे, नाकं लाल. विचारलं, काय धुडगूस घालता रे उन्हात? सगळे गप्प. शंका समितीसुद्धा गप्प. हे लक्षण काही बरं नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

फाइलमध्ये कोणीतरी शिरलं आहे!

शेवटच्या पानावर मी निष्कर्षाचा तक्ता केला आहे. सुरेख किनार, दोन रकाने, ‘आमची शाळा’ आणि ‘त्यांची शाळा’, वर स्पष्ट सूचना : ‘२ मार्चपूर्वी येथे लिहू नये.’ तिथे आज दोन आकडे. डावीकडे ६७, उजवीकडे ५१. ना अर्थ ना सही.

पुसले.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा. ६६ आणि ५०. पुसले.

१७ फेब्रुवारी, बुधवार

रोजचं झालं आहे. दुपारी आकडे येतात, संध्याकाळचा चहा झाला की मी फाइल उघडून पुसतो. ही म्हणाली, काय करता एवढं मन लावून? म्हटलं, झाडलोट.

गंमत म्हणजे आकडे रोज थोडे थोडे घसरताहेत. आज ६३ आणि ४६. करणाऱ्याचा दम संपत चालला आहे. शून्यावर आला की आपोआप थांबेल. पण मी तोवर वाट बघणारा नाही. मी पुसत राहणार. बघू कोण आधी थकतं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

पलीकडच्या बाईंचा मेसेज : सर, तुमची मुलं फार छान काम करताहेत. मी कळवलं की हे समित्यांचं यश आहे. त्यांनी पुढे विचारलं, तक्ता रोज संध्याकाळी रिकामा होतो, तुमच्याकडे काही अडचण आहे का? मी लिहिलं : ‘अडचण होती. मी स्वतः लक्ष घालून बंदोबस्त केला आहे.’

बराच वेळ त्या काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. शेवटी आलं, बरं सर.

शंका समितीने आज नवीन फुलस्केप दिला. आधीच्यावर ठेवला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. विचारलं, प्रकल्प कुठवर आलाय? म्हटलं, आराखडा एकेचाळीस पानं. त्या म्हणाल्या, मुलं काय करताहेत? म्हटलं, आराखड्यात आहे ना, पान एकोणतीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, सर, मला तुमचा तास काढायची हौस नाहीये, पण मला काहीतरी दाखवा हो.

आवाजात जरा काळजी होती. मला दुसऱ्याने काळजी केलेली खपत नाही. येताना जिन्यावर मात्र जरा थांबलो. आठवी ब चा तो चौथा तास गेला तर काय मोठंसं, असं कोणीही म्हणेल. पण आज एक जातो, उद्या दुसरा, आणि एक दिवस माझा नकाशांचा गठ्ठा जिन्याखाली. पाहिलंय मी, हस्तकलेच्या बाईंचं तसंच झालं. त्यांच्या निरोपाला आठ माणसं होती, त्यातली तीन चहा द्यायला.

ते काही नाही. २ मार्च.

१ मार्च, सोमवार

सर्व सिद्धता. काठी समितीने काठी पुसली. खडू समितीने खडू मोजले. सूचनाफलक समितीने फलक रंगवला : ‘शांतता राखा, सावली चालू आहे’. आज रात्री लवकर झोपणार.

२ मार्च, मंगळवार, सकाळी साडेनऊ

लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

सात चाळीसला आठवी ब रांगेत मैदानावर. पण-काच्या हातात फोन, त्यात पलीकडच्या बाई आणि त्यांचा वर्ग. काठी उभी केली. मी म्हटलं, निरीक्षण समिती, सावली मोजा. समिती वाकली. समिती सरळ झाली. म्हणाली, सर, सावली नाहीये.

मी स्वतः वाकलो. नाही. काठी हलवून पाहिली. नाही. दुसरी काठी मागवली. तिचीही नाही. दहा पावलं डावीकडे गेलो, दहा उजवीकडे, काठी समिती मागे मागे. सावली कुठेच नाही. फोनमध्ये मात्र पलीकडच्यांच्या काठीची सावली पार कुंपणापर्यंत गेलेली.

मग पण-का म्हणाली, आपली इमारत पूर्वेला आहे सर, तीन मजली. सकाळी सगळं मैदान तिच्याच सावलीत असतं. ऊन दहानंतर येतं. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, पहिल्या फुलस्केपवर पहिलीच शंका होती ती.

आता मी बावीस वर्षांत सकाळी मैदानावर गेलो नव्हतो, हा काय माझा दोष? भूगोल वर्गात शिकवतात.

वर्गातलं एकही मूल हसलं नाही. हसायला हवं होतं. चाळीस पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जशी आई मी मोबाइलवर पत्ता शोधत असताना बघते. उगाच मायेने.

२ मार्च, संध्याकाळ

शांतपणे विचार केला. निरीक्षण हे निरीक्षण असतं. सावली मिळाली नाही असं नाही. सावली शून्य मिळाली. तक्त्यात डावीकडे स्वच्छ अक्षरांत लिहिलं : ०. तारीख घातली, सही केली. आजचे उपटसुंभ आकडे होते ५२ आणि ३७. ते नेहमीप्रमाणे पुसले.

प्रकल्पाला निष्कर्ष मिळाला आहे. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

८ मार्च, सोमवार

सादरीकरणाचा सराव. आरशासमोर पन्नास मिनिटं. आई म्हणाली, छान बोलतोस, पण कशाबद्दल आहे? ही म्हणाली, अहो, त्या पोरीच्या शंका तरी वाचल्यात का? म्हटलं, सादरीकरणानंतर वाचतो. हिने नुसतं माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं. तिचं हे बटण लावणं मला आवडत नाही.

१२ मार्च, शुक्रवार, रात्री

क्रमाने लिहितो.

सभागृहात मोठ्या बाई, सगळा स्टाफ, आठवी ब. पडद्यावर पलीकडच्या बाई आणि त्यांचा वर्ग, आणि चौकटी चौकटीत इतर शाळा. मी सुरुवात केली. या वेळी माइक चालू होता, तीनदा खात्री केली. उद्दिष्टं झाली, समित्या झाल्या, सात रंगांचा तक्ता झाला. बोधचिन्हावर कोणीतरी खोकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, सर, मोजलंत काय ते सांगा. मी तक्ता उघडला. सुंदर किनार. मध्ये शून्य.

मी म्हटलं, हा प्राथमिक निष्कर्ष आहे. मोठ्या बाई समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या आणि मला वाटलं, गेला. गेला तास. पुढचं पान दिसेना. मागचंच पान पुन्हा उघडलं.

तेवढ्यात पडद्यावरून पलीकडच्या बाई म्हणाल्या की सरांनी प्रस्तावना केली, आता उरलेलं मुलं सांगतील.

उरलेलं?

पण-का उठली. पडद्यावर त्यांच्याकडचा एक चष्मेवाला मुलगा उठला. दोघं आळीपाळीने बोलत होते, आधी ती, मग तो, जणू एकाच बाकावर बसतात. त्यांनी एक आलेख दाखवला. दोन रेषा, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या, एक आमची, एक त्यांची, मध्ये सारखं अंतर राखून. ६७. ६६. ६३. प्रत्येक आकडा माझ्या ओळखीचा. प्रत्येकाला मी माझ्या हाताने पुसलेलं.

रोज मधल्या सुट्टीत मोजायचे म्हणे. दोन्हीकडे, एकाच वेळी. आमच्याकडे माझ्या पट्टीने. दिवस मोठा होत जातो तसा दुपारचा सूर्य वर चढतो आणि सावली आखडते, म्हणून आकडे घसरत होते. दमबिम काही संपलेला नव्हता कोणाचा. कागदावर काठी आणि सावली काढून कोनमापकाने कोन मोजले, दोन शाळांच्या कोनांतला फरक घेतला, त्यावरून दोन गावांमधलं अंतर काढलं. ते नकाशातल्या अंतराच्या इतकं जवळ आलं की मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

पुसलेले आकडे परत कसे मिळाले, तर फाइलच्या जुन्या आवृत्त्या आतच साठून राहतात. केबलने त्यांना फक्त ते कुठे बघायचं एवढं दाखवलं होतं. पट्टीला त्याने हातही लावला नव्हता.

मग ‘अडचणी’ नावाचं पान आलं. तीनच शब्द होते : ढग, घंटा, सर. सभागृहात हशा पिकला. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. पण-का अगदी गंभीरपणे म्हणाली की तक्ता रोज पुसला जायचा, त्यामुळे आकडे राहतील याची खात्री नसायची, म्हणून आम्ही रोज तीन-तीनदा मोजायचो आणि जुन्या आवृत्तीशी ताडायला वहीतही लिहायचो. त्यामुळे आमच्या मोजणीत चुका कमी झाल्या. याबद्दल सरांचे आभार. आणि आलेखात २ मार्चची एक नोंद चुकीची वाटल्याने गाळली आहे.

गाळली! सही होती तिच्यावर.

शेवटी कुठल्याशा चौकटीतून कोणीतरी तिला विचारलं, या प्रकल्पातून काय शिकलीस? ती म्हणाली, पृथ्वी गोल आहे हे सरांनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. आता ते खरं आहे असं कळलं.

टाळ्या झाल्या. केबल सर्वांत जोरात वाजवत होता. मला राग आला होता. खूप राग. आणि त्याच्याच खाली असं काहीतरी आलं की मी नाक शिंकरायच्या निमित्ताने खिडकीकडे तोंड केलं. ही माझी मुलं आहेत. जेवण सोडून उन्हात उकिडवी बसली, भूगोलासाठी. माझ्या विषयासाठी! मला न विचारता, ही गोष्ट वेगळी. ती मी विसरणार नाही.

तास राहिला. चारही तास. मोठ्या बाईंनी तिथेच जाहीर केलं. अट एकच : आठवी ब चा चौथा भूगोलाचा तास सोमवारी मधल्या सुट्टीला लागून, मैदानावर. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या प्रमुख पलीकडच्या बाई. माझ्या नावापुढे ‘सहकार्य’.

घरी आलो. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, जिंकलो. ही म्हणाली, कोण? मी म्हटलं, जेवायला वाढ.

१३ मार्च, शनिवार

फुलस्केप वाचले. सगळे. पहिल्या कागदावर, पहिल्या ओळीत : ‘सकाळी मैदानावर ऊन नसते. मग पहिल्या तासाला मोजायचे, पण का?’

चांगल्या शंका आहेत. काहींची उत्तरं मला येत नाहीत. हे कोणाला सांगायची गरज नाही.

१४ मार्च, रविवार

पलीकडच्या बाईंना लिहिलं : पुढच्या वर्षासाठी माझ्याकडे काही नियोजनविषयक सूचना आहेत, आराखडा पाठवतो. लगेच उत्तर आलं, नको सर. पहिल्यांदाच ‘बरं’ म्हणाल्या नाहीत. अधिकार मिळाला की माणसं बदलतात.

१५ मार्च, सोमवार

आठवी ब, चौथा तास, मैदान. ऊन मी म्हणत होतं. टोपी न्यायची राहिली. वर स्टाफरूमच्या खिडकीत दिसलं की पंख्याखाली माझ्या खुर्चीत केबल डोळे मिटून बसला आहे. आयत्या बिळावर नागोबा. बघून घेईन.

मी मधोमध उभा राहून सांगितलं की आजचं निरीक्षण माझ्या देखरेखीखाली होईल. मुलांनी मान डोलावली आणि कामाला लागली. कोणी ओळंबा धरला, कोणी रेघ मारली, फोनमधून पलीकडचा चष्मेवाला तयार का म्हणून ओरडला. मला कोणी काही विचारेना. शेवटी पण-का आली आणि काठी माझ्या हातात दिली. म्हणाली, सर, तुम्ही धरता का? तुमचा हात हलत नाही.

धरली. सरळ धरली, अगदी ओळंब्यात. बावीस वर्षांत इतकं सरळ मी काही धरलं नसेल. पोरं वाकली, पट्टी लावली, आणि मग सगळी एकदम माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. दोन वाक्यं तयारसुद्धा केली.

पण-का म्हणाली, सर, जरा बाजूला सरका ना, तुमची सावली मध्ये येतेय.

सरकलो. पण एकच पाऊल.